टर्बो गेलाच नव्हता: रोटरी गाडीच्या इनटेकमधल्या ऑइलचा तपास

गाडी माझदा आरएक्स-७, एफडी मालिकेतली, १९९३ सालची. इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, रोटरी जातीचं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं: प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन रोटर आणि एकामागून एक कामाला लागणारे दोन टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे. इंजिनाची रचना कंपनीची होती तशीच, टर्बोही मूळचेच. मालकाची तक्रार अशी, की इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज काढला की त्यातून ऑइल गळतं. नुसता ओलसर थर नाही, होज तिरका धरला तर थेंबांची धार लागते. जोरात बूस्टवर (टर्बोच्या जादा दाबावर) पळवून पाय काढला आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दिला, की मागे निळा धूर. ऑइलचा खप वाढलेला. एका गॅरेजने गाडी पाहून निकाल देऊन टाकला होता: दोन्ही टर्बोंचे सील गेले, टर्बो बदला. जमलं तर हे दोन काढून एकच मोठा बसवा, असा सल्लाही वर होता. तो खर्च करण्याआधी मालकाला दुसरं मत हवं होतं, म्हणून गाडी माझ्याकडे आली.

टर्बोवर संशय जाणं साहजिक आहे. टर्बोमध्ये दाबाखाली ऑइल फिरतं, त्याचा शाफ्ट थेट इनटेकच्या हवेत शिरलेला असतो, आणि सील गेलं तर ऑइल हवेत जाणारच. पण दोन्ही टर्बोंची सीलं एकाच वेळी गेली, हे मला पटेना. मालकाशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. तक्रार सुरू व्हायच्या थोडं आधी या गाडीच्या सगळ्या व्हॅक्यूम नळ्या बदलल्या होत्या. एफडीच्या मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा वाटणाऱ्या भागाखाली) या नळ्यांचं एवढं जंजाळ असतं, की वयानुसार कडक झालेली एक बदलायला हात घातला की चार तुटतात. म्हणून लोक एकदाच सगळं खोलून सिलिकॉनच्या नळ्या टाकतात. काम चांगलं झालं होतं, बूस्टचा क्रमही बरोबर होता. पहिला टर्बो १० पीएसआय (दाबाचं एकक) दाबापर्यंत जातो, ४५०० आरपीएमच्या आसपास दुसरा जोडला जाताना दाब जरा उतरतो आणि परत १० वर येतो. त्यामुळे त्या कामाकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं.

रोटरीत ऑइलचा माग काढणं पिस्टनच्या इंजिनापेक्षा अवघड का, ते आधी सांगायला हवं. पिस्टनच्या इंजिनात ज्वलनकक्षात ऑइल गेलं की तो दोष. रोटरीत ते मुद्दाम पाठवलं जातं. रोटरच्या तीन टोकांवरच्या एपेक्स सील हाउसिंगच्या भिंतीवर सतत घासत असतात आणि त्यांना खालून वंगण पोहोचत नाही. म्हणून मीटरिंग पंप इंजिनाचंच ऑइल थोडं थोडं नोझलमधून आत सोडतो आणि ते जळून जातं. म्हणजे निरोगी रोटरीतही ऑइलची पातळी उतरते आणि धुराड्याच्या तोंडाशी काजळी असते. उलट पातळी अजिबात उतरत नसेल तर मला जास्त काळजी वाटते. एक तर पंप ऑइल देत नाही, नाहीतर एखादा इंजेक्टर गळून पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतंय आणि घट भरून निघतेय. तेव्हा ‘गाडी ऑइल पिते’ या वाक्याला रोटरीत फारसा अर्थ नाही. ऑइल किती जातंय यापेक्षा ते हवेच्या वाटेवर नेमकं कुठल्या जागेपासून दिसायला लागतं आणि गाडी काय करत असताना जातं, एवढंच मी विचारतो.

तरीही गॅरेजमध्ये रोटरीच्या कुठल्याही तक्रारीला ‘इंजिन गेलं’ किंवा ‘टर्बो गेला’ हेच उत्तर मिळतं. ही सवय जुनी आहे. १९६७ साली आलेल्या एनएसयू आरओ ८० या रोटरी गाडीच्या एपेक्स सील लवकर झिजायच्या, आणि वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी मेटाकुटीला आली. तेव्हापासून रोटरीवर जो शिक्का बसला तो पुसला गेलेला नाही.

गाडी थंड असताना सकाळी सुरू केली. धूर नाही. बराच वेळ आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता) ठेवून झटका दिला, तरी धूर नाही. हे महत्त्वाचं होतं. रोटरच्या बाजूंवर ऑइल कंट्रोल रिंगा असतात. इंजिन कधी तापून त्यांच्या आतल्या ओ-रिंगा कडक झाल्या असतील, तर गाडी उभी असताना ऑइल कक्षात झिरपतं आणि पहिल्याच स्टार्टला ढग निघतो. आयडलवर, मॅनिफोल्डमध्ये निर्वात जास्त असताना, तेच होतं. शिवाय ते ऑइल थेट ज्वलनकक्षात जातं, इंटरकूलरपर्यंत उलटं येत नाही. या गाडीत धूर फक्त बूस्टनंतर होता आणि ऑइल थ्रॉटलच्याही (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्याही) अलीकडे होतं. म्हणजे रिंगांचा प्रश्न जवळपास निकालात निघाला.

मग हवेच्या प्रवाहाच्या क्रमाने एकेक पाइप उघडला. फिल्टरचा डबा कोरडा. डब्यापासून टर्बोंकडे जाणारे दोन पाइप. त्यातला एक शेवटपर्यंत कोरडा, आणि त्या टर्बोच्या कॉम्प्रेसरचं पातंही समोरून कोरडं. दुसऱ्या पाइपची सुरुवात कोरडी, पण मध्ये एका निपलपासून पुढे तळाला ऑइलचा ओघळ होता आणि त्या टर्बोचं पातं समोरूनच ओलं चकचकीत होतं. ते निपल म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर घेणाऱ्या नळीचं तोंड. ऑइल भरायच्या नळकांड्यापासून ती नळी इथे येते.

माझ्या मते निदानाचा निम्मा भाग इथेच झाला. टर्बोचं सील गळत असेल तर ऑइल पात्याच्या पाठीमागून येतं आणि बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर पुढे जातं. पात्याची समोरची बाजू आणि त्याआधीचा पाइप कोरडा राहतो. इथे उलटं होतं: ऑइल टर्बोत शिरत होतं, टर्बोतून येत नव्हतं. आणि शेजारीच दुसरा टर्बो होता. तेवढाच जुना, त्याच ऑइलवर चालणारा, पण त्याच्या पाइपला ही नळी येत नाही, आणि तो कोरडा होता. यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणं कठीण. शाफ्ट बोटांनी हलवून पाहिले. आडवी हालचाल किंचित होती. तेवढी असतेच, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं. पुढे-मागे ओढून मात्र जाणवण्याइतकी हालचाल नव्हती आणि पातं कुठेही कवचाला घासलेलं नव्हतं.

मीटरिंग पंपाच्या नोझलांवरही संशय होता. प्रत्येक नोझलला हवेची एक बारीक नळी असते आणि आत एकाच दिशेने उघडणारा चेक व्हॉल्व्ह. तो खराब झाला तर ऑइल उलटं त्या बारीक नळीतून इनटेककडे चढतं. जुन्या रोटरीत हे सर्रास दिसतं आणि फार थोडे जण तपासतात. इथे त्या नळ्या आतून स्वच्छ होत्या.

म्हणजे ऑइल वाफेच्या नळीतून येत होतं. आता खरा प्रश्न: का? ही नळी वाफ आणि थोडा ऑइलचा धुकट अंश नेण्यासाठी असते, द्रव ऑइल नेण्यासाठी नाही. ते तीन कारणांनी येऊ शकतं. ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलंय. रोटरच्या बाजूंवरच्या साइड सील झिजल्यामुळे ज्वलनातला वायू इंजिनाच्या पोटात जास्त उतरतोय. किंवा पोटात बाहेरून दाब शिरतोय. ही तिन्ही एकत्रही असू शकतात, आणि इथेच लोक घाई करतात. पहिलं कारण सापडलं की पुढचं बघत नाहीत.

पहिलं लगेच सापडलं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या चांगलीच वर होती. मालकाला कोणीतरी सांगितलं होतं, रोटरी ऑइल पिते, तेव्हा जरा जास्तच ठेवत जा. तो इमानेइतबारे दर वेळी वरपर्यंत भरत होता. इंटरकूलरमध्ये ऑइल गेलं की पातळी उतरायची, ती बघून तो अजून ओतायचा, आणि ते पुन्हा त्याच वाटेने जायचं. पातळी जास्त असली की वळणावर आणि ब्रेक लावताना ऑइल हेलकावे खात वर चढतं. ऑइल बदलताना दुसऱ्या तऱ्हेनेही ही चूक होते. खालचा बोल्ट काढल्यावर कूलर आणि त्यांच्या नळ्यांतलं ऑइल बाहेर येत नाही, आणि कोणी मॅन्युअलमधला पूर्ण रिकाम्या इंजिनाचा आकडा बघून तेवढं ओततो. पातळी दोन खुणांच्या मध्ये आणली, पाइप पुसून कोरडे केले आणि गाडी चालवून पाहिली. ओघळ कमी झाला, पण थांबला नाही.

दुसऱ्या कारणासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे कक्षात हवा किती दाबली जाते ते, तपासलं. साधा पिस्टनच्या गाडीचा गेज रोटरीत फसवतो. रोटरला तीन बाजू असतात आणि तो गेज तिन्हींतला सर्वात मोठा आकडा धरून बसतो. एक बाजू मेलेली असली तरी कळत नाही. रोटरीचा टेस्टर तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दाखवतो आणि २५० आरपीएमला रूपांतर करून देतो. साधारण ६९० किलोपास्कलच्या खाली आकडा गेला, किंवा एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० च्या वर फरक निघाला, तर इंजिन उघडायची वेळ आली असं समजतात. या गाडीचे सगळे आकडे ७५० ते ७९० च्या दरम्यान होते आणि एकमेकांच्या जवळ होते. नवं इंजिन नाही, पण धडधाकट. यावरून एपेक्स सीलबद्दल जास्त आणि साइड सीलबद्दल कमी कळतं हे खरं. तरी साइड सील इतक्या वाईट असत्या की पोटात दाब भरावा, तर आकड्यांमध्ये काहीतरी डाग दिसला असता.

राहिलं तिसरं. ऑइलच्या नळकांड्याला दोन वाटा आहेत. एक ही वाफेची नळी, टर्बोच्या आधी जाणारी. दुसरी पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (वाफ एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेतून) थेट मॅनिफोल्डला जाते. आयडलवर मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि वाफ तिथून खेचली जाते. बूस्टमध्ये मॅनिफोल्डमध्ये दाब असतो, तेव्हा व्हॉल्व्हने पूर्ण बंद व्हायलाच हवं. तो बंद झाला नाही तर टर्बोने दाबलेली हवा उलटी इंजिनाच्या पोटात शिरते. मग पोटातला दाब बाहेर पडायला एकच वाट शोधतो, ती वाफेची नळी, आणि जाताना ऑइल सोबत घेऊन जातो. टर्बो ते ऑइल ओढतो, दाबतो आणि इंटरकूलरला पाठवतो.

हे सिद्ध करायला दोन चाचण्या केल्या. पहिली उभ्या गाडीवर, इंजिन बंद ठेवून. इनटेकला बाहेरून कॉम्प्रेसरची हवा देऊन गळती शोधायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण हवा टर्बोच्या तोंडातून दिली तर ती वाफेच्या नळीतून सरळ पोटात जाते आणि ऑइलच्या तोंडाशी आवाज येतोच, व्हॉल्व्ह चांगला असो वा वाईट. म्हणून हवा इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटल बॉडीच्या होजमधून दिली, थ्रॉटल उघडं ठेवून. दाब अगदी कमी, ०.३ बारच्या आसपास, आणि ऑइलचं झाकण काढलेलं, म्हणजे पोटात दाब साठून बाकीची सील उडायची नाहीत. झाकणाच्या जागी स्पष्ट सूं-सूं आवाज आला. थोडी हवा पोर्टमधून कक्षात आणि तिथून साइड सीलच्या फटीतूनही येऊ शकते, म्हणून पीसीव्हीचा होज पक्कडीने दाबला. आवाज थांबला. सोडला, परत सुरू.

दुसरी चाचणी रस्त्यावर. एका जुन्या झाकणाला भोक पाडून निपल बसवलं आणि नळीने गेज आत आणला. आयडलवर काटा किंचित निर्वाताकडे, म्हणजे त्या वेळी सगळं ठीक. बूस्ट येताच काटा वर चढला, आणि पाय काढताच खाली आला. तो बूस्टच्या काट्याबरोबर हलत होता, आरपीएमबरोबर नाही. ४५०० ला दुसरा टर्बो जोडला जाताना बूस्ट क्षणभर उतरतो, तेव्हा हाही उतरला. झिजलेल्या सीलमधून येणारा वायू असा वागत नाही, तो भार आणि वेगासोबत वाढत जातो. मग पीसीव्हीची नळी काढून दोन्ही टोकं बंद केली, वाफेची नळी मोकळी ठेवली आणि त्याच रस्त्यावर तसाच बूस्ट दिला. काटा जागचा हलला नाही.

व्हॉल्व्ह काढून हातात घेतला तर नवाकोरा दिसत होता. हलवला तर खुळखुळला. बरेच मेकॅनिक एवढ्यावर त्याला पास करतात. खुळखुळला म्हणजे आतलं पिन चिकटलेलं नाही इतकंच कळतं, ते घट्ट बसतं का हे कळत नाही. मॅनिफोल्डच्या बाजूने तोंडाने फुंकलं तर हवा सहज आरपार गेली. व्हॅक्यूम नळ्यांच्या कामात जुना व्हॉल्व्ह काढून दिसायला तसाच, त्याच मापाच्या होजमध्ये बसणारा, टर्बो नसलेल्या इंजिनाचा व्हॉल्व्ह टाकला होता. तसल्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये कधी बूस्ट नसतो, त्यामुळे उलट दाबाखाली तासन्‌तास घट्ट बंद राहायची अपेक्षाच त्याच्याकडून नसते. आयडलवर तो आपलं काम चोख करत होता, म्हणून कोणाला संशय आला नाही.

या गाडीसाठीचा योग्य व्हॉल्व्ह आणला, बसवण्याआधी तोही दोन्ही बाजूंनी फुंकून पाहिला, आणि झाकणातल्या गेजवर पुन्हा रस्त्यावर चाचणी घेतली. पूर्ण बूस्टमध्ये काटा शून्याच्या आसपास राहिला.

टर्बो बदलले असते तर काय झालं असतं, हे मालकाने यानंतर विचारलं. नव्या टर्बोंनीही तेच ऑइल ओढलं असतं. एवढंच नव्हे, टर्बोतलं ऑइल दाबाने परत येत नाही, स्वतःच्या वजनाने खाली इंजिनात उतरतं. पोटात दाब असला की ते उतरत नाही, टर्बोत तुंबतं आणि चांगल्या सीलमधूनही बाहेर पडतं. वर्कशॉपमध्ये ‘गेलेले’ म्हणून काढलेल्या कितीतरी टर्बोंमागे हीच गोष्ट असावी असं मला वाटतं.

साफसफाई कंटाळवाणी असते, पण टाळता येत नाही. पाइप पुसून होतात, इंटरकूलरच्या पातळ नळ्यांतलं ऑइल मात्र आत बसून राहतं. तो काढून विरघळवणारं द्रव आत भरलं, हलवून ओतलं, स्वच्छ निघेपर्यंत हे चाललं, मग उभा टांगून पूर्ण वाळू दिला. वाळवण्यात घाई चालत नाही. आत राहिलेलं द्रव पहिल्याच बूस्टमध्ये इंजिनात जाईल. आणि ऑइल का काढायचं, तर हवेत मिसळलेल्या ऑइलमुळे मिश्रण नॉकिंगला, म्हणजे स्फोटासारखं भलत्या वेळी पेटण्याला, लवकर बळी पडतं. पिस्टनचं इंजिन थोडं नॉकिंग सोसतं. या इंजिनातल्या २ मिलिमीटर जाडीच्या एपेक्स सीलला बूस्टमधला एक मोठा दणकाही पुरतो. धुरापेक्षा हीच भीती मोठी होती. स्पार्क प्लग बदलले, रबरी होज ऑइलने मऊ पडलेले होते तेही बदलले. तसा होज बूस्टमध्ये क्लॅम्पमधून निसटतो.

ऑइल कॅच कॅन बसवावा का, हा प्रश्न ओघाने आला. ट्रॅकवर पळवायची गाडी असेल तर जरूर बसवावा. पण निदानाच्या आधी नको. कॅन ऑइल गोळा करतो, पाइप कोरडे दिसतात आणि दाब मात्र पोटात तसाच राहतो, मग एखाद्या दिवशी डिपस्टिक उडते नाहीतर मागचं सील गळायला लागतं. या गाडीला आता कॅनची गरज उरलेली नाही.

गाडी परत नेल्यावर काही दिवसांनी मालकाचा फोन आला. “अहो, पाइपमध्ये अजून ओलसर आहे!” फोटो मागवला. निपलच्या पुढे बोटाला लागेल एवढा तपकिरी थर होता, ओघळ नव्हता. तेवढा राहणार. त्या नळीचं कामच वाफ नेणं आहे. त्याला पांढऱ्या कापडाने पाइप पुसून ठेवायला सांगितलं, आणि पुढच्या ऑइल बदलाला फक्त हाच एक पाइप उघडायचा, इंटरकूलरला हात लावायचा नाही, हेही. पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवायची. ती हळूहळू उतरेल, कारण मीटरिंग पंप चालू आहे. उतरायची थांबली, तर मात्र त्याच दिवशी फोन करायचा.